बव्हेरियात भूतकाळ गेला कुठे?

वैशाली_रोझनहाइम:
मंडळी, मी रोझनहाइमजवळच्या एका वृद्धाश्रमात नर्स आहे. पुण्यात असताना 'इश गिंग' (मी गेले), 'इश नाम' (मी घेतलं), 'इश झाग्टे' (मी म्हणाले) ही भूतकाळाची रूपं रात्र-रात्र घोकली होती. इथे येऊन दीड वर्ष झालं, एकाही आजी-आजोबांच्या तोंडून ती ऐकली नाहीत. 'गेले'ला 'ई बिन गांगा', 'घेतलं'ला 'ई हॉब्स ग्नुमा'. मंगळवारी सकाळी एका आजींना रक्तदाबाची गोळी घेतली का विचारलं, तर म्हणाल्या, 'दी हॉब ई शो ग्नुमा ग्हाब्ट'. हे शेवटचं 'ग्हाब्ट' कशाला? गोळीचा प्रश्न आहे, अंदाजाने लिहून चालत नाही.

जर्मन_मास्तर:
वैशालीताई, आजींचं काही चुकलेलं नाही. साधारण जर्मनीतल्या माइन नदीच्या दक्षिणेला बोलीभाषेतून तो साधा भूतकाळ पंधराव्या-सोळाव्या शतकातच ओसरला. एक कारण उच्चाराचं. तिकडे शब्दाच्या शेवटचा 'ए' गळला आणि 'झाग्टे' (म्हणाला) व 'झाग्ट' (म्हणतो) सारखेच ऐकू येऊ लागले. पण 'गिंग'चा असा घोटाळा होत नव्हता, तरी तेही गेलंच. म्हणजे 'हाबेन' (असणे, जवळ असणे) किंवा 'झाइन' (असणे) हे मदतीचं क्रियापद लावून होणारं, 'ई बिन गांगा'सारखं रूप आधीपासून पसरत होतं, 'ए' गळल्याने त्याला जोर मिळाला, असं मला पटतं. बव्हेरियात 'वार' (होतो) टिकलं, 'वॉइट'ही (हवं होतं) ऐकाल. स्वित्झर्लंडमध्ये तर 'वार'सुद्धा नाही, 'इ बी ग्सी' म्हणतात.

आता 'ग्हाब्ट'. प्रमाण जर्मनमध्ये 'घेतली होती'साठी 'हाटे' लागतं. 'हाटे' हाही भूतकाळच, तोही गेला. मग 'घेतली होती' म्हणायचं कसं? 'हॉब' (बोलीतलं 'हाबेन') घेऊन मागे त्याचंच 'ग्हाब्ट' हे रूप जोडलं, झालं काम. आजी म्हणाल्या, 'ती मी आधीच घेतली होती.'

बोलींचा अभ्यासक गेओर्ग वेंकरने 1876 पासून शाळाशाळांत वाक्यं पाठवून मास्तरांकडून ती गावच्या बोलीत लिहून घेतली. पुढे ठरलेल्या 40 वाक्यांतलं 24 वं असं: काल संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा बाकीचे अंथरुणात पडले होते आणि गाढ झोपले होते. त्यात 'कामेन' (आलो), 'लागेन' (पडले होते), 'वारेन' (होते) अशी तिन्ही भूतकाळी रूपं आहेत. मारबुर्ग शहरात त्यावरून बनलेल्या बोलींच्या नकाशांवर अशाच वाक्यांवरून उत्तर-दक्षिण फरक दिसतो.

संस्कृतवाली_आजी:
अगं वैशाली, आपणही हेच केलंय. संस्कृतातलं 'अगच्छत्', 'जगाम' मराठीत आलंच नाही. उरलं ते 'गत', त्याला प्राकृतात 'इल्ल' लागला आणि झालं 'गेला'. मुळात ते विशेषणच, म्हणून तर गेला-गेली-गेलं असं लिंग लागतं. 'मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली' यात क्रियापद आंब्याच्या नि भाकरीच्या मागे जातं, माझ्या नाही. जुन्या जर्मनमध्येही 'हाबेन'सोबतचं 'ग्नुमा'सारखं रूप कर्माप्रमाणे बदलायचं. चाळीस वर्षं शिकवलं, तरी दर वेळी मला याचा आनंद होतो.

वैशाली_रोझनहाइम:
मास्तर, आजी, मनापासून आभार. आज त्या आजींना विचारलं, 'कशाच्या आधी घेतली होती?' म्हणाल्या, तू पाव आणलास त्याच्या आधी, रात्रपाळीच्या मुलीने दिली. तिच्याकडून खात्री करून घेतली, खरंच साडेसहाला दिली होती, तक्त्यावर नोंद मात्र राहिली होती. 'ग्हाब्ट' ऐकलं की आता मी लगेच विचारते, 'आधी म्हणजे कधी?'