मदत हवी आहे: राज्य स्पर्धेला दोन आठवडे उरलेत, वेट ट्रेनिंग चालू ठेवायचं की थांबवायचं?

नमस्कार मंडळी. माझी मुलगी १७ वर्षांची आहे, ८०० मीटर धावते. सराव नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलात, जिम घराजवळ. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी पुण्याला बालेवाडीत राज्य स्पर्धा आहे. शनिवारी हीट म्हणजे प्राथमिक फेरी, रविवारी फायनल.

ट्रॅकचे सर म्हणतात, वजनं आजपासून बंद, पाय मोकळे राहू द्या. जिमचे दादा म्हणतात, बंद केलं तर कमावलेली ताकद जाईल, आदल्या बुधवारपर्यंत लेग डे पूर्ण करायचा. दोघंही जीव लावून शिकवतात आणि मधल्या मधे पोरीची ओढाताण होते आहे.

सध्या आठवड्यातून दोनदा ४० किलोचे स्क्वॉट, आठ-आठचे चार सेट. शिवाय डेडलिफ्ट, लंजेस, बॉक्स जंप. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना तिच्या मांड्या भरून आलेल्या असतात आणि त्याच संध्याकाळी ट्रॅकवर ३०० मीटरचे रिपीट, म्हणजे तेच अंतर थांबून थांबून पुन्हा पुन्हा वेगात धावणं. दमणूक साठत चालली आहे असं मला स्पष्ट दिसतं. पण जिम सुरू झाल्यापासून शेवटच्या २०० मीटरमध्ये ती कोलमडत नाही, हेही मी काठावर उभी राहून पाहिलं आहे. म्हणून एकदम सोडायला मन धजत नाही.

गुरुवारी संध्याकाळी इथून गाडी आहे, म्हणजे रात्रभर प्रवास. तो धरून सांगाल का, शेवटचं जड वजन कधी उचलू द्यावं?

प्रतिसाद

ताई, बंद करू नका, कमी करा. दोन आठवड्यांत ताकद कुठे जात नाही, थकवा मात्र उतरतो, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

वजन तेवढंच ठेवायचं, कामाचं प्रमाण निम्मं करायचं. चार सेटचे दोन, आठच्या जागी चार-पाच रेप, तेही दम राखून. स्पर्धेआधी सराव असा कमी करत नेण्याला टेपरिंग म्हणतात. त्यावरच्या अभ्यासांचा २००७ साली एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात साधारण दोन आठवडे प्रमाण ४१ ते ६० टक्के कमी करून तीव्रता कायम ठेवणाऱ्यांना सर्वाधिक फायदा दिसला. तो आढावा पोहणं, सायकलिंग, धावणं यांच्या सरावाचा होता, वजनांचा नाही. पण वजनांनाही मी हाच नियम लावतो.

लंजेस आजच काढून टाका. वजन सावकाश खाली नेताना स्नायू ताणले जातात, त्याचं दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला जातं. बुधवारी लेग डे केला तर ती वेळ गाडीत आणि हीटच्या सकाळी येईल. त्यामुळे स्पर्धेच्या आठवड्यात शेवटचे स्क्वॉट सोमवारी. बुधवारी फक्त थोड्या बॉक्स जंप, पूर्ण विश्रांती घेत, घाम निघण्याआधी थांबायचं. नवीन व्यायाम एकही नको, कोणी कितीही आग्रह केला तरी.

या दिवसांत पाय जड वाटतात, मुलं घाबरतात आणि लपून जास्तीचा सराव करतात. तिला हे आधीच सांगून ठेवा. जेवण कमी करू देऊ नका, बुधवारची झोप पूर्ण होऊ द्या, कारण गुरुवारची गाडीत तुटणारच आहे.

आणि दोन्ही सरांना एकदा मानकापूरलाच एकत्र बोलवा. जिमच्या दिवशीच ट्रॅकचं जड काम ठेवलं, म्हणजे सकाळी रिपीट आणि संध्याकाळी स्क्वॉट, तर दुसरा दिवस खरोखर मोकळा मिळतो. तिचे रिपीट सध्या कोणत्या वारी असतात? कळवा, त्याप्रमाणे दिवस लावून देतो.