थायरॉइड: तुमचे अनुभव लिहा

गंगापूररोडकरीण
काल भाचीचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) वाढलेला, म्हणजे थायरॉइड मंद. लगेच आई आठवली. भर मे महिन्यात नाशिक तापलेलं आणि हिच्या अंगात स्वेटर! आवाज घोगरा, फणीत केसांचे पुंजके. सगळे म्हणायचे, वय झालं की अंग जड होतंच. निदानाला फार उशीर झाला. तुमच्याकडे काय झालं ते लिहा, भाचीला वाचायला देते.

सिडकोवाली
माझं नेमकं उलटं. दाबून जेवायचे तरी वजन उतरत होतं. चहा घेताना कपबशी खडखड वाजायची. सासूबाई खूश, सून बारीक झाली! नाडी बसल्याजागी ११०, टीएसएच जवळपास शून्य. ग्रेव्हज निघालं, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतो तो आजार. त्यावरची कार्बिमॅझोलची गोळी देताना डॉक्टरांनी बजावलं, ताप येऊन घसा दुखला तर गोळी थांबवून लगेच रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी घटू शकतात.

निफाडचा बागायतदार
थंडी आम्हाला विचारा 😀 पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. बायको मंद थायरॉइडची गोळी चहाबरोबर घेते, चालतं का?

पंचवटीकर
नाही हो दादा. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासानं. कॅल्शियम, लोहाच्या गोळीत ४ तासांचं अंतर. नाहीतर औषध अंगी लागत नाही आणि डोस वाढत बसतो.

लेकुरवाळी
कुकर लागलाय, पटकन लिहिते. दिवस राहिले की लगेच डॉक्टरांना सांगा गं, गोळीची गरज वाढते. माझा डोस वाढवला होता. बाळाचीही जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन तपासणी झाली. नॉर्मल! आता खोडकर आहे, त्यावर गोळी नाही.

सातपूर सेकंड शिफ्ट
पुरुषांनाही होतो, मला आहे. सुपरवायझरला वाटायचं मी झोपाळू. लॅबवाल्यानं केसांसाठीची बायोटिनची गोळी दोन दिवस बंद करून यायला सांगितलं, रिपोर्ट चुकतो म्हणे. कोबीनं थायरॉइड बिघडतो म्हणतात, खरंच सोडायचा का?

पंचवटीकर
शिजवलेला खा बिनधास्त.

निफाडचा बागायतदार
बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, गोळी सोडेन, चहा नाही.

सिडकोवाली
मग डॉक्टरांना विचारून रात्री घ्या म्हणावं, जेवणानंतर तीन तासांनी. आणि दादा, द्राक्षं कधी?

निफाडचा बागायतदार
जानेवारी संपता संपता. किती पेट्या ठेवू?

लेकुरवाळी
माझ्या दोन. बिनबियांची हं.