मदत हवी आहे: लग्नाच्या भेटीसाठी क्रूस कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. शेजारच्या कॅथोलिक घरातली मुलगी आमच्याच अंगणात वाढली, आता लग्न होऊन बेळगावच्या मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट, घरात जातेय. तिला गळ्यातला सोन्याचा क्रूस द्यायचं ठरवलंय. पण शहापूरच्या सराफ गल्लीत दोन प्रकार समोर आले आणि मी अडले. एकावर खिळलेला येशू, वर इवल्याशा पाटीवर चार लॅटिन अक्षरं. त्यांचा अर्थ ‘नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा’. दुसरा अगदी साधा, मोकळा.

कॅथोलिक सहसा मूर्तीचा वापरतात, येशूनं सोसलेलं डोळ्यांपुढे राहावं म्हणून. प्रोटेस्टंट बहुधा मोकळा, कारण तो मरणातून उठला, एवढं मला ठाऊक आहे. मग माहेरचा घ्यावा की सासरचा? तिला विचारलं तर ‘काही नको काकू’ एवढंच म्हणेल.

शिवाय आम्ही हिंदू. आमच्या हातून दिलेला चालतो ना? आधी फादरांकडून आशीर्वाद घेऊन द्यायचा, की ते तिच्या घरच्यांवर सोडायचं? तो नुसता दागिना म्हणून तिच्याकडे जाऊ नये, असं मनापासून वाटतं. इथल्या ख्रिस्ती बहीणभावांनी कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात सोनाराला ऑर्डर द्यायची आहे.