कलम केलेल्या आयन-विनिमय तंतूंची क्षमता का घटते?

प्रश्न:
गॅमा किरणांनी सक्रिय केलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या नॉनवोव्हन (न विणलेल्या) कापडावर ग्लिसिडिल मेथाक्रिलेटचे कलम करून (म्हणजे त्याच्या साखळ्या तंतूला रासायनिक बंधाने जोडून) आणि नंतर ट्रायमिथाइल अमाइनची प्रक्रिया करून तयार केलेले आयन-विनिमय तंतू (पाण्यातील ऋणभारित आयन धरून बदल्यात दुसरे सोडणारे) आम्ही क्रोम प्लेटिंगच्या धुवणाच्या पाण्यातून क्रोमेट काढण्यासाठी वापरतो. क्षमता (तंतू किती आयन धरू शकतो ते माप) प्रति ग्रॅम २.१ मिलीइक्विव्हॅलंट होती, ती दहा महिन्यांत १.४ वर आली. क्रोमेट उतरवण्यासाठी ४ टक्के कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण) ६० अंशांना तापवून वापरतो, कारण थंड द्रावणाने कापड पिवळेच राहते. कलम सुटत आहे का?

उत्तर १:
कलम मूळ तंतूशी कार्बन-कार्बन बंधाने जोडलेले असते आणि तो बंध कॉस्टिकला सहसा दाद देत नाही. दुबळ्या जागा दोन: टोकाचा अमोनियम गट (ट्रायमिथाइल अमाइनपासून बनलेला, आयन धरणारा) आणि त्याला साखळीशी जोडणारा एस्टर बंध. हायड्रॉक्साइड स्वरूपातील (कॉस्टिकमुळे हायड्रॉक्साइड आयन धरलेल्या) तीव्र-आम्लारी रेझिनसाठीही (असाच अमोनियम गट असलेल्या आयन-विनिमय मण्यांसाठीही) ६० अंश ही साधारणपणे कमाल मर्यादा मानतात, म्हणजे तुम्ही दर वेळी काठावरच उभे असता. नुसत्या क्षमतेच्या आकड्यावरून बिघाडाची जागा कळणार नाही. अमाइन निघून जात असेल तर कॉलम (तंतू भरलेले नळकांडे) उघडताना मासळीचा वास येतो. एकच मिथाइल गट गळला असेल तर एकूण क्षमता टिकते, पण तीव्र-आम्लारी क्षमता (पाणी आम्लधर्मी असो वा आम्लारीधर्मी, आयन धरण्याची क्षमता) घटते. एस्टर तुटत असेल तर कापडाचे कोरडे वजनही कमी होते आणि अवरक्त वर्णपटात १७३० प्रति सेंटीमीटरजवळचे एस्टरचे शिखर खाली बसते.

उत्तर २:
क्रोमला विसरू नये. आम्लधर्मी पाण्यातील डायक्रोमेट (क्रोमेटचे आम्लातील रूप) तंतूचेच ऑक्सिडीकरण करतो आणि त्यातले क्रोम स्वतः त्रिसंयुजी होते. घड्यांत मळकट हिरवी छटा दिसते, ती त्याचीच. पुढच्या फिल्टरवर तुसासारखे तुकडे साचत असतील तर मात्र पॉलिप्रॉपिलीनच ठिसूळ झाले आहे, आणि ते कापड बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रश्नकर्ता:
तुकडे नाहीत. हिरवी छटा फक्त पाणी आत येते त्या थरात आहे. वास मात्र येतो, विशेषतः सोमवारी, कारण रविवारभर कॉलम कॉस्टिकमध्येच असतो.

उत्तर १:
वास येतो म्हणजे अमाइन निघून जात आहे. मग आधी रविवारची ती सवय मोडा आणि तंतू क्लोराइड स्वरूपात आणून (हायड्रॉक्साइडच्या जागी क्लोराइड आयन बसवून) ओलेच ठेवा. क्रोमेट उतरवण्यासाठी मिठाच्या द्रावणात थोडे कॉस्टिक घालून ते खोलीच्या तापमानाला, सावकाश सोडून पाहा. उतरलेले क्रोम प्लेटिंगच्या टाकीत परत नेत असाल तर तिथे क्लोराइड चालणार नाही; तसे असल्यास मीठ टाळा आणि साठवणही क्लोराइडऐवजी सल्फेट स्वरूपात करा.