चवथीचे घर आणि कुटुंबाची व्याप्ती

विभक्त राहणी आली आणि कुटुंब संपले, असे मत अनेकदा मांडले जाते; गोव्यातल्या अनुभवावरून ते मला अपुरे वाटते. फोंडा तालुक्यातले आमचे मूळ घर वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद असते. तरीही चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी मुंबई-दुबईहून सगळे येतात, आणि माटोळीत (गणपतीच्या वर फळे-पाने बांधतात त्या लाकडी चौकटीत) सुपारीचा घोस कुठे, तोरिंजनाचे फळ कुठे बांधायचे, याबाबत थोरल्या काकींचाच शब्द चालतो. एका चुलीवरचे जेवण गेले. नाते गेले नाही.

खरा बदल मला घरातल्या बायकांच्या स्थानात दिसतो. पोर्तुगीज काळातल्या 1867 च्या नागरी संहितेपासून इथे मुलगा आणि मुलगी समान वारस आहेत, आता निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव असल्यामुळे इच्छापत्र करूनही त्यांना ती सहसा नाकारता येत नाही, आणि 2012 च्या वारसा कायद्यानेही ही तत्त्वे कायम ठेवली. पण हक्क कागदावर असूनही कित्येक बहिणींनी भावाचे मन दुखवू नये म्हणून तो सोडून दिला. माझ्या आत्यानेही तशी सही केली, आणि त्यानंतर ती माहेरी पाहुणी म्हणूनच आली, याचे मला आजही वाईट वाटते. (तिला कोणी सक्ती केली नव्हती, पण दुसरा पर्यायही कोणी सांगितला नव्हता.)

चुलतबहिणीने मात्र आपला वाटा ठेवला, मागच्या पडवीची कौले स्वखर्चाने बदलली, आणि यंदा शिडीवर चढून माटोळी बांधणारी तिची मुलगी होती.