अनुभव धागा : एकच हिशेब चौदा ठिकाणी

सोलापुरात सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचा वेळ नवे काही घडवण्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेले सांभाळण्यात जातो. टॉवेल-चादरींचे कारखाने, साखर कारखाने, रुग्णालये, पतसंस्था यांच्या प्रणाली गरजेप्रमाणे वाढत गेल्या आणि वाढताना जुन्या फाइलीची प्रत काढून तिच्यात चार ओळी बदलणे हाच सर्वांत जवळचा रस्ता होता. बाहेरून दिसणारे वर्तन जसेच्या तसे ठेवून आतली रचना सुधारण्याच्या कामाला रिफॅक्टरिंग म्हणतात. विल्यम ओपडाइक यांनी १९९२ साली इलिनॉय विद्यापीठातील प्रबंधात या कामाची शिस्तबद्ध मांडणी केली, त्यालाही आता तीन दशके उलटून गेली. व्याख्या सर्वांना पाठ आहे; प्रत्यक्षात काय केले, काय मोडले आणि कोणाच्या लक्षात आले, हे मात्र फारसे लिहिले जात नाही. तेवढेच येथे लिहावे, कारखान्याचे किंवा कंपनीचे नाव घालू नये, एवढी विनंती करून सुरुवात मीच करतो.

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याची बिलिंग प्रणाली माझ्याकडे आहे. नगाची किंमत १००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्याहून अधिक असेल तर १२ टक्के जीएसटी, असा या मालाचा नियम होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २५०० रुपये झाली आणि वरचा दर १८ टक्के झाला. मालकांच्या दृष्टीने हे दोन आकडे बदलण्याचे, म्हणजे तासाभराचे काम होते. आमच्या एका सहकाऱ्याने १००० हा आकडा शोधून सरसकट २५०० करून टाकला. चाचणीचे पहिले बिल छापले आणि पाठवणी विभागातील गृहस्थांनी ते हातात घेऊन विचारले, "ही गाठ दहा किलोची? एका हाताने उचलून दाखवा बघू." गाठ २५ किलोची होती. ग्रॅमचे किलो करताना ज्या १००० ने भागायचे, तोही आकडा २५०० झाला होता.

मग प्रत्येक जागा नीट पाहिली. १००० हा आकडा एकूण ४१ ठिकाणी होता आणि त्यांपैकी फक्त १३ ठिकाणी तो कराची मर्यादा म्हणून आला होता. चौदावी जागा शोधात सापडलीच नाही, कारण तिथे कोणीतरी "९९९ पेक्षा जास्त" अशी अट लिहिली होती. शोधात सापडलेल्या तेरांपैकी तीन ठिकाणी "पेक्षा कमी किंवा तेवढेच" याऐवजी नुसते "पेक्षा कमी" होते. म्हणजे बरोबर १००० रुपयांच्या टॉवेलला दरपत्रकात ५ टक्के आणि बिलात १२ टक्के कर लागत होता. कॉपी-पेस्टचे खरे दुखणे मला इथे कळले. प्रती काढल्या त्या दिवशी त्या सारख्याच असतात. पुढे एकेक जण एकेका प्रतीला हात लावतो आणि कोणती प्रत खरी हे सांगणारे कोणी उरत नाही.

आता दर ठरवणारे एकच फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा नाव दिलेला तुकडा, आहे. ते किंमत आणि मूळ बिलाची तारीख घेते आणि "या तारखेपासून ही मर्यादा, हे दर" अशा छोट्या तक्त्यातून उत्तर काढते. तारीख अनिवार्य आहे, कारण जुन्या बिलावरचा माल परत आला तर क्रेडिट नोट (ग्राहकाच्या खात्यात रक्कम परत जमा दाखवणारी चिठ्ठी) जुन्याच दराने काढावी लागते. ग्रॅम-किलोच्या १००० ला स्वतःचे नाव मिळाले आहे. तासाभराच्या कामाला नऊ दिवस लागले आणि त्यांपैकी सहा दिवसांचे पैसे मिळाले नाहीत, हेही नोंदवून ठेवतो.

प्रतिसाद १ : साखर कारखान्याच्या संगणक विभागातून

आमच्याकडे ऊसबिलाचा प्रोग्राम फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत होता आणि प्रत्येक गळीत हंगामासाठी त्याचा वेगळा फोल्डर होता. हंगाम संपला की पूर्ण फोल्डरची प्रत काढायची, नव्या हंगामाचे नाव द्यायचे, दर बदलायचे, की झाले. अशा अकरा प्रती साठल्या होत्या. एखादा शेतकरी पाच वर्षांपूर्वीच्या बिलाची दुय्यम प्रत मागायला आला की त्या वर्षाचा फोल्डर उघडावा लागे. त्यातला एखादा दोष आम्ही पुढच्या हंगामात दुरुस्त केलेला असे, पण जुन्या फोल्डरात तो जिवंतच राही.

या अकरा प्रती एकत्र करताना आधी फायली समोरासमोर ठेवून फरक काढले. काही फरक खरे होते, म्हणजे वाहतुकीच्या अंतराचे टप्पे बदलले होते किंवा सोसायटीच्या कर्जवसुलीचा क्रम बदलला होता. हे सर्व तक्त्यात नेता आले. काही फरक निव्वळ विसराळूपणाचे होते. कोणता फरक कोणत्या प्रकारचा, हे कोड पाहून कळत नाही. त्यासाठी निवृत्त झालेल्या लेखापालांच्या घरी दोन रविवार जाऊन बसावे लागले.

तपासणीसाठी आमच्याकडे टेस्ट नव्हत्या, पण छापलेली बिले होती. एका पूर्ण हंगामाची सर्व पंधरवडा बिले जुन्या आणि नव्या प्रोग्रामने मजकूर फाइलीत काढली आणि ओळीस ओळ लावून तुलना केली. पहिल्या फेरीत हजारो ओळींत एका पैशाचा फरक आला. जुना प्रोग्राम प्रत्येक कपात पूर्णांकित करून मग बेरीज करत होता आणि मी बेरीज करून मग पूर्णांकित करत होतो. माझी पद्धत अधिक बरोबर होती असे मला आजही वाटते, तरीही मी जुनीच पद्धत ठेवली. रचना बदलणे आणि हिशेब बदलणे ही दोन कामे एकाच दिवशी केली, तर तुलनेत दिसणारा फरक कशामुळे आला हे सांगता येत नाही. पूर्णांकनाचा प्रश्न नंतर मुख्य लेखापालांकडे लेखी पाठवला.

वेळेबद्दल एक गोष्ट सांगतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज लागते. त्यामुळे गाळप सुरू असताना बिलाच्या कोडला हात लावायची हिंमत कोणीही करू नये. आम्ही हे काम गाळप बंद झाल्यावर उन्हाळ्यात धरले आणि बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी संपवले.

प्रतिसाद २ : अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणारी

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत डेटाबेसच्या जोडणीच्या त्याच सात ओळी प्रत्येक पानावर चिकटवलेल्या असतात आणि पासवर्ड बदला म्हटले की वर्ग गोंधळतो. मी त्यांना एवढेच सांगते की दुसऱ्यांदा चिकटवले तर चालेल, तिसऱ्यांदा चिकटवायची वेळ आली की थांबा. पुढचा प्रतिसाद मात्र मी त्यांना वाचून दाखवणार आहे, कारण त्याची लेखिका माझी जुनी विद्यार्थिनी आहे आणि तिची अडचण याच्या नेमकी उलट होती.

प्रतिसाद ३ : रुग्णालयाच्या बिलिंगचे काम करणारी

मॅडमनी शिकवलेला धडा मी जरा जास्तच मनावर घेतला. सोलापुरात उपचारांसाठी मराठवाड्यापासून कर्नाटकापर्यंतचे रुग्ण येतात आणि आमच्या रुग्णालयात बाह्यरुग्ण, आंतररुग्ण आणि औषध दुकान अशी तीन वेगवेगळी बिले निघत. तिन्ही फंक्शने साधारण सत्तर टक्के सारखी दिसत होती. मी ती उत्साहाने एकत्र केली आणि फरकांसाठी दोन फ्लॅग (कोणता भाग चालवायचा ते हो-नाहीत सांगणाऱ्या खुणा) ठेवले. नंतर विम्याचे रुग्ण आले, आगाऊ रक्कम आली, औषधे परत घेण्याची सोय आली, आणि प्रत्येक वेळी एकेक फ्लॅग वाढत गेला. अकरावा फ्लॅग जोडला तेव्हा औषध दुकानातल्या बदलामुळे आंतररुग्णांच्या बिलातून खोलीभाडे गायब झाले आणि डिस्चार्जसाठी थांबलेल्या नातेवाइकांना दोन तास खोळंबावे लागले.

माझी चूक अशी की मी ओळी सारख्या आहेत का ते पाहिले, त्या बदलण्याची कारणे सारखी आहेत का ते पाहिले नाही. औषधांचे बिल बदलते ते कर आणि बॅच क्रमांकामुळे. आंतररुग्णाचे बिल बदलते ते विमा कंपन्यांच्या अटींमुळे. त्यांचे साम्य योगायोगाचे होते.

परतीचा रस्ता असा होता. ते मोठे फंक्शन जसेच्या तसे तीन ठिकाणी चिकटवले. होय, मुद्दाम कॉपी-पेस्ट केले. मग प्रत्येक प्रतीत त्या बिलाला कधीच न लागणाऱ्या शाखा काढून टाकल्या आणि अकराही फ्लॅग संपले. शेवटी जे खरोखर एकच होते, म्हणजे पावती क्रमांक, रुपयांचे अक्षरी रूपांतर आणि पूर्णांकन, तेवढे वेगळे काढले. एकूण ओळी वाढल्या, आणि वरिष्ठांना ते पटवणे कोडपेक्षा अवघड गेले.

प्रतिसाद ४ : होटगी रस्त्यावरील घरातून पुण्याच्या कंपनीचे काम करणारा

आमच्याकडे गुंतागुंत आकड्याने मोजली जाते. थॉमस मॅककेब यांनी १९७६ साली सुचवलेले सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटीचे माप आहे. ढोबळमानाने फंक्शनमधले निर्णय, म्हणजे इफ (अट), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारी रचना) वगैरे मोजायचे आणि त्यात एक मिळवायचा. दहाच्या आसपास मर्यादा ठेवावी, असे त्यांनीच सुचवले होते. माझ्या वाट्याला आलेल्या एका फंक्शनचा आकडा ८७ होता. त्यातले काही निर्णय आत-आत घुसलेल्या इफमुळे होते. "अर्ज अपुरा असेल तर इथूनच परत जा" अशा अटी सुरुवातीलाच आणल्याने रचना सपाट झाली, आणि राज्यनिहाय शुल्काची लांबलचक इफ-एल्सची शिडी तक्त्यात नेल्यावर तो आकडा १९ वर आला. त्यातही एक बारकावा आहे. लवकर परत जाण्याने मोजलेला आकडा जवळजवळ तेवढाच राहतो, कारण अटी तितक्याच असतात. वाचणाऱ्याचे कष्ट मात्र निश्चित कमी होतात. आकडा उतरला तो तक्त्यामुळे.

पुढे व्यवस्थापनाने दहाच्या वर आकडा गेला तर बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करणे, नाकारण्याचा नियम केला. लोकांनी मोठी फंक्शने मधोमध कापून त्यांना "भाग एक", "भाग दोन", "भाग तीन" अशी नावे दिली. प्रत्येक तुकड्याचा आकडा नऊ, आणि समजून घ्यायला तिन्ही एकाच वेळी डोक्यात धरावे लागतात. तुकड्याला अर्थपूर्ण नाव सुचत नसेल, तर तो तिथे कापायचा नव्हता, एवढे मी त्यातून शिकलो.

प्रतिसाद ५ : अशोक चौकातून, यंत्रमाग कारखान्यांचे पगारपत्रक सांभाळणारा

वयाने तुम्हा सर्वांत मोठा असल्यामुळे थोडा विरोध नोंदवतो. माझे सहा कारखानदार आहेत आणि प्रत्येकासाठी मजुरीच्या प्रोग्रामची वेगळी प्रत आहे. एकाकडे मजुरी नगावर आहे, दुसऱ्याकडे विणलेल्या मीटरवर, तिसऱ्याकडे जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागाला वेगळा दर. आठवड्याचा हप्ता शनिवारी वाटला जातो. एका मालकासाठी केलेला बदल दुसऱ्याच्या पगारात शिरला, तर संध्याकाळी कामगार माझ्या दारात उभे राहतील. रुग्णालयातील ताईंनी जे चटका बसल्यावर केले, ते मी पहिल्यापासून करत आलो आहे, त्यामुळे माझ्या सहा प्रतींना कोणी आळस म्हणू नये.

मात्र प्रामाणिकपणे एक कबुली देतो. बोनसच्या हिशेबात गैरहजेरीचे दिवस दोनदा वजा होण्याचा दोष मी चार प्रतींत दुरुस्त केला आणि दोन प्रती राहून गेल्या. दिवाळीच्या आधी त्या दोन कारखान्यांतल्या कामगारांना कायद्याने किमान मिळायला हवा त्या ८.३३ टक्क्यांपेक्षाही कमी बोनस दिसला. चूक त्यांनीच कागदावर हिशेब मांडून मला दाखवली आणि फरक पाडव्याआधी वाटला गेला.

धागाकर्ता : काका, मजुरीचा दर मालक ठरवतो आणि किमान बोनस कायदा ठरवतो. मग सहा प्रतींपैकी बोनस तेवढा एकत्र आणायला काय हरकत आहे?

प्रतिसाद ५ (पुढे) : हरकत काहीच नव्हती, सुचले नव्हते. त्या दिवाळीनंतर भाचीने सुचवले आणि बोनसचे फंक्शन आता एका फाइलीत आहे. मजुरीच्या सहा फायली तशाच आहेत, आणि तशाच राहतील.