११ × १५ फुटांच्या खोलीत ख्याल ऐकायचा आहे: फ्लोअरस्टँडर घ्यावा की बुकशेल्फ?

खर्जवेडा
मंडळी, एक खोली फक्त गाणं ऐकण्यासाठी मोकळी केली आहे. लांबी १५ फूट, रुंदी ११, उंची साडेनऊ. विटांच्या भिंती, खाली टाइल, एका बाजूला ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत. ॲम्प (ॲम्प्लिफायर) ८ ओहमला ८० वॉटचा. दुकानदार दोन ८ इंची वूफरवाला (वूफर म्हणजे खालचे स्वर वाजवणारा भाग) फ्लोअरस्टँडर, म्हणजे जमिनीवर उभा राहणारा उंच स्पीकर, घ्या म्हणतोय. माझ्या यादीत स्टँडवर ठेवायचे, म्हणजे बुकशेल्फ, स्पीकर आहेत: केईएफ आर३ मेटा, हार्बेथ पी३ आणि हार्बेथ कॉम्पॅक्ट ७. काय घ्यावं आणि का?

डग्गा
फ्लोअरस्टँडर नको. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरा. तुमच्या खोलीचा लांबीचा पहिला अनुनाद (ज्या कंप्रतेला खोली स्वतःच घुमते ती) ३८ हर्ट्झला येतो, रुंदीचा ५१ला, उंचीचा ६०ला आणि लांबीचा दुसरा ७५ला. मोठे वूफर हे सगळे एकदम जागे करतील आणि डग्ग्याचा प्रत्येक 'घे' खोलीभर लोंबकळत राहील.

बरं, तेवढं खाली उतरायची गरज तरी आहे का? काळी एकला लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झला असतो. ख्यालात त्याच्या फार खाली संगीत नाहीच; असते ती एसीची आणि मंचाची घुरघुर. जुन्या ७८च्या तबकड्यांवर तर १०० हर्ट्झच्या खाली जवळपास नुसती घरघर.

आता तुमची यादी. ±३ डेसिबलच्या मर्यादेत, म्हणजे आवाज फारसा न घसरता, पी३ ७५ हर्ट्झपर्यंत उतरतो, आर३ मेटा ५८पर्यंत, कॉम्पॅक्ट ७ साधारण ४६पर्यंत. म्हणजे पी३मध्ये खर्जाचं मूळच कडेला पडतं. त्याची संवेदनशीलताही (ठराविक वीज दिल्यावर निघणारा आवाज) फक्त ८३.५ डेसिबल. ७ फुटांवर बसून तुमचे ८० वॉट पूर्ण ओतले तर उच्चांक कसाबसा १०० डेसिबलवर जातो. ख्यालाला पुरेल, पण तबलजीने जोरात सम गाठली की छोट्या वूफरची दमछाक होणार.

आर३ मेटाचा संवेदनशीलतेचा ८७ डेसिबल हा आकडा मात्र जरा फसवा आहे. तो २.८३ व्होल्टला मोजलेला आहे. स्पीकर ४ ओहमचा (किमान ३.२), म्हणजे तेवढ्या व्होल्टला तो १ नव्हे, २ वॉट ओढतो. तुमच्या ॲम्पच्या मागे ४ ओहम चालेल असं लिहिलंय का बघा. नसेल तर आर३ यादीतून बाद.

माझं मत कॉम्पॅक्ट ७ला. ८६ डेसिबल, ६ ओहम, ॲम्पला सोपा. पोर्ट (खालच्या स्वरांसाठी पेटीला ठेवलेलं भोक) पुढे आहे. पण पोर्ट पुढे म्हणून भिंतीला चिकटवून ठेवता येतो, हा गैरसमज. वूफरचा खालचा आवाज सगळ्याच दिशांना जातो.

मोजपट्टी
वरच्याशी सहमत. जागेबद्दल थोडं.

मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजाला एका ठराविक कंप्रतेला खोडतो. ती काढायची रीत: ३४५ भागिले भिंतीपासूनच्या अंतराची चौपट. अंतर वूफरच्या तोंडापासून, मीटरमध्ये. सगळे जण सवयीने २ फूट सोडतात. त्याचा खड्डा पडतो १४१ हर्ट्झला, आणि काळी एकचा मध्य षड्ज आहे १३८.६ला! गायकाचा सा नेमका पोकळ होतो आणि दोष जातो स्पीकरच्या माथी.

३ फूट सोडा, खड्डा ९४च्या आसपास सरकेल. बाजूच्या भिंतीपासून अडीच फूट. दोन्ही अंतरं सारखी ठेवू नका, नाहीतर दोन खड्डे एकावर एक बसतात. स्पीकर ११ फुटी भिंतीपुढे, एकमेकांपासून ६ फुटांवर, आणि कान पाठीमागच्या भिंतीपासून साडेपाच-पावणेसहा फुटांवर.

खर्जवेडा
म्हणजे सोफा खोलीच्या मधोमधच आला की. भिंतीला टेकवला तर नाही का चालणार? आणि भिंतींना एक इंची फोम लावायचा विचार आहे.

मोजपट्टी
भिंतीला टेकलात की लांबीचे सगळे अनुनाद कमाल जोरात ऐकू येतात. बरोब्बर मध्यावर, साडेसात फुटांवर, बसलात तर ३८ गायब आणि ७५ फुगलेला. म्हणून मधली जागा.

मांजरपाट
फोम नको. अंड्यांचे ट्रे तर नकोच नको. १०० हर्ट्झच्या लहरीची पाव लांबी ८६ सेंटिमीटर भरते, तिला एक इंच फोम काय अडवणार? तो फक्त वरचे स्वर खातो. खोली एकाच वेळी मुकी आणि घुमणारी होते.

रॉकवूलची (दगडी धाग्यांची दाट लोकर) स्लॅब घ्या, घनता घनमीटरला ४८ किलो, जाडी ४ इंच. २ × ४ फुटांच्या लाकडी चौकटीत बसवा, वर मांजरपाट ताणून मारा. विणलेलं कापड तोंडाला लावून फुंकर आरपार गेली पाहिजे. रेक्झिन चालत नाही. चौकटीमागे आणखी ४ इंच पोकळी सोडा. सहा पॅनल पुरतात: दोन बाजूच्या भिंतींवर, दोन सोफ्यामागे, दोन पुढच्या कोपऱ्यांत तिरके. बाजूच्या भिंतीवरची जागा आरशाने शोधायची. तुम्ही सोफ्यावर बसा, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा, स्पीकर दिसला तिथे पॅनल. कापताना मास्क आणि हातमोजे घाला, खाज दोन दिवस जात नाही. टाइलवर जाड सतरंजी किंवा गालिचा. ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला पॅनल चिकटवू नका. पावसाळ्यात मागे बुरशी धरते.

डग्गा
हे लावून झालं की मोजा. 'रूम इक्यू विझार्ड' हे खोलीचा आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मोजणीचा मायक्रोफोन यूमिक-१, आणि त्याच्या सीरियल नंबरची कॅलिब्रेशन फाइल (त्याच्या चुका दुरुस्त करणारी) टाकायला विसरू नका. या आकाराच्या खोलीत साधारण २०० हर्ट्झच्या खाली खोलीचं राज्य, त्यामुळे इक्वलायझर (ठराविक कंप्रता कमी-जास्त करणारं साधन) तिथेच वापरा, आणि फक्त उंचवटे कापा. खड्डे भरायला जाल तर ॲम्पची ताकद वाया जाते, खड्डा तसाच राहतो.

वायरवर पैसे उडवू नका. २.५ चौरस मिमीची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर, ३ मीटरला जाऊन-येऊन ०.०५ ओहमपेक्षा कमी. वाचलेल्या पैशांत रॉकवूल येईल.

मोजपट्टी
दुकानात ऐकायला जाल तेव्हा दोन्ही जोड्या पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग खळखळाट) लावून एकाच पातळीवर आणा. फोनच्या मीटरने अर्ध्या डेसिबलपर्यंत येतं. अर्धा-एक डेसिबल जास्त वाजणारा स्पीकर 'जिवंत' वाटतो आणि दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं. रेकॉर्डिंग तुमचंच न्या. हार्मोनियमची साथ असलेलं एक हवंच: गायक आणि पेटी एकाच स्वरावर असताना दोन्ही वेगळे ऐकू येतात का, आणि पेटी तार सप्तकात टोचते का, ते बघा. दहा मिनिटं नव्हे, पूर्ण विलंबित ऐका. टोचणारा स्पीकर पंधराव्या मिनिटाला कळतो.

खर्जवेडा
ॲम्पच्या मागे '८ ते १६ ओहम' लिहिलंय. म्हणजे आर३ गेला. कॉम्पॅक्ट ७ही ६ ओहमचाच आहे की?

डग्गा
छापील मर्यादा कंपनी राखून लिहिते, पण अंदाजावर जाऊ नका. ॲम्पच्या कंपनीला ६ ओहमबद्दल लेखी विचारा, उत्तर येईपर्यंत स्पीकरची आगाऊ रक्कम भरू नका.